रिकाम्या खुर्चीतला आवाज

"आता खोकतील बघ!" दुर्बीण ओरडला.

रेडिओतले गृहस्थ खोकले.

"आता पाण्याचा पेला खाली ठेवतील!"

टक्! पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि आता कागद उलटतील. एक... दोन..."

कागद फडफडला. "वाऱ्याचा वेग ताशी पंधरा किलोमीटर," रेडिओ संथपणे म्हणाला. "समुद्र शांत. नौकांना कोणताही धोका नाही. सागरी हवामान वार्ता समाप्त."

टाचणीच्या हातातला पत्त्यांचा डाव तसाच राहिला. तिने आधी रेडिओकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे. "तू जादू शिकलायस?"

दुर्बीण म्हणजे तिचा आतेभाऊ. वय बारा, चष्मा हा एवढा जाड, म्हणून हे नाव. टाचणी दहा वर्षांची, अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार. तिची थोरली बहीण कप्तान तेरा वर्षांची. तिला कप्तान कोणी केलं हे विचारू नका, तिने स्वतःच केलं होतं. दोघी बहिणी सुट्टीत आत्याकडे, म्हणजे दुर्बिणीच्या घरी आल्या होत्या.

"जादू नाही," दुर्बिणीने वही पुढे केली. "पाच दिवस मी घड्याळ लावून ऐकतोय. दोन वाजून पाच मिनिटांनी वार्ता सुरू होते. एकविसाव्या सेकंदाला खोकला. नव्वदाव्याला पेला. रोज!"

"असतात माणसाला सवयी," कप्तान म्हणाली. "आमचे गणिताचे सर प्रत्येक वाक्याआधी नाक ओढतात."

"घड्याळ बघून ओढतात का?"

अडली की कप्तान उठून उभी राहायची, तशी ती उभी राहिली. "चला. गावात कोणाकोणाच्या लक्षात आलंय ते बघू."

सगळ्यात आधी कोपऱ्यावरचा न्हावी. त्याच्या दुकानात रेडिओ सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असे. "काका, आत्ता रेडिओवर काय सांगितलं?" कप्तानने विचारलं.

"नेहमीचंच," न्हावी कात्री चालवत म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे नेहमीचंच गं! सरकारी रेडिओ आहे तो, रोज नवीन काय सांगणार?" खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडाने हसलं.

पाववाला म्हणाला, नेहमीचंच. वाण्याने तर 'कोणता रेडिओ?' असं विचारलं, आणि रेडिओ त्याच्या डोक्यावरच्या फळीवर वाजत होता! साऱ्या गल्लीत दारादारांतून, खिडक्याखिडक्यांतून तो एकच आवाज दिवसभर येत असे. पण ऐकत कोणीच नव्हतं! टाचणीला आता ती रोजची गल्ली कशीतरीच वाटायला लागली. ती गुपचूप कप्तानचा हात धरून चालू लागली.

दुर्बिणीच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर शिलाईकाकू राहत. बाई कपडे शिवायच्या, आणि त्यांच्या मशीनची खडखड सकाळपासून चालू असे. पण दुर्बिणीच्या वहीत त्याचीही नोंद होती. गेले काही दिवस बरोबर दोन वाजता ती खडखड थांबत होती आणि वार्ता संपल्यावर बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू होत होती.

दार काकूंनी अर्धंच उघडलं. त्यांचे डोळे लाल होते.

"काकू," दुर्बीण चाचरत म्हणाला, "रेडिओवर हवामान सांगतात ते कोण? काका रेडिओ केंद्रावर निवेदक होते ना? तुम्हाला ठाऊक असेल."

काकूंनी पदराने डोळे टिपले. मग हळूच म्हणाल्या, "हेच ते. ह्यांचाच आवाज आहे तो."

"अय्या, मग विचारूया ना काकांनाच!" टाचणी म्हणाली. "कुठे आहेत ते?"

"ते गेले, बाळ. आठ महिने झाले त्याला."

तिघं एकमेकांना चिकटली. जिन्यात भर दुपारीही अंधार होता, आणि खालून कोणाच्या तरी रेडिओचं गुणगुणणं वर येत होतं.

"आठ महिने या घरात त्यांचा शब्द नव्हता," काकू म्हणाल्या. "आणि दहा दिवसांपूर्वी एकाएकी आला. मी कोणाला काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. माझी शपथ आहे!" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गच्चीत जाऊन तिघं दाटीवाटीने बसली. "भूत!" टाचणी कुजबुजली.

"भुतं हवामान सांगत नाहीत," कप्तान म्हणाली.

"का नाही? त्यांना वरून चांगलं दिसत असेल!"

एरवी दुर्बीण खदखदून हसला असता. आज तो गच्चीवरून खाली धक्क्याकडे पाहत होता. अडीचची लाँच नुकतीच सुटली होती. ती चालवणारी सारंग म्हणजे त्याची आई. समोरच्या बेटावर माणसं न्यायची आणि आणायची, हे तिचं काम. बंदराचा नियम असा, की सागरी वार्ता ऐकल्याशिवाय दोर सोडायचा नाही. रेडिओ म्हणाला 'समुद्र शांत', की आई टोपी घालायची आणि लाँच हाकायची.

"आई रोज त्या आवाजाच्या भरवशावर जाते," तो म्हणाला. "तो आवाज सांगणारा माणूसच नसेल, तर मग समुद्राकडे बघतंय कोण?"

कप्तानने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या आपण केंद्रावर जाऊ. कोण बोलतं ते डोळ्यांनी बघू."

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. आकाशात ढगाचं नाव नव्हतं आणि वारा तर इतका पडला होता, की दोरीवरचे कपडे हलत नव्हते. तिघं टेकाडावरच्या रेडिओ केंद्रापाशी पोचली तेव्हा दीड वाजला होता. फाटकावर पहारेकरी कानाला छोटा रेडिओ लावून बसला होता.

"पास?" त्याने हात पुढे केला.

पास कुठून असणार? पण तेवढ्यात मागून मुलांची एक पलटण आली. समूहगानाचं ध्वनिमुद्रण होतं. त्यांच्या बाई घामाघूम होऊन डोकी मोजत होत्या. कप्तानने दोघांना ढोसलं आणि तिघं सरळ रांगेत घुसली.

"सतरा, अठरा, एकोणीस... अगं बाई, सोळा होती ना?" बाई पुटपुटल्या. "जाऊ दे, कमी तर नाहीत!"

"गाणारे? डावीकडे," पहारेकरी म्हणाला. "आणि आत खोकायचं नाही!"

रांग डावीकडे वळली. ही तिघं उजवीकडे वळली, आणि मागचं दार आपोआप मिटलं.

मिटलं, पण आवाज झाला नाही! जमिनीवर जाड गालिचा होता. भिंतींना, छताला, दारांना लोकरीचा मऊ नमदा ठोकलेला होता. पाऊल टाकलं तरी ऐकू येईना. टाचणीने टाळी वाजवून पाहिली, तर टाळीही तळहातातच विरली. खिडकी एकही नव्हती. स्वतःच्या कानातली गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"मला नाही आवडत इथे," टाचणी म्हणाली. तिचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

"शू!" दुर्बिणीने बोट वर केलं. "ऐका."

खट्. खट् खट् खट्. खट्.

कोणीतरी टंकलेखन करत होतं. तिघं आवाजाच्या मागावर गेली. बोळाच्या टोकाला एक दार होतं, आणि दाराला हे भलंमोठं कुलूप! कुलपावर धूळ बसली होती. दाराच्या वरच्या काचेतून आत मिट्ट काळोख दिसत होता. आणि त्या काळोखात, कुलूपबंद खोलीत, कोणीतरी टाइप करत होतं!

खट् खट् खट् खट्!

टाचणीने डोळे गच्च मिटले. कप्तानलाही पळून जावंसं वाटत होतं, पण कप्तानने पळून कसं चालेल? ती वाकली. दाराखालच्या फटीतून कागदाची पट्टी बाहेर आली होती. तेवढ्यात खट् झालं आणि पट्टी बोटभर पुढे सरकली. जणू आतलं कोणीतरी ती बाहेर ढकलत होतं.

"ओढ," दुर्बीण म्हणाला. "टाचणी, तुझीच बोटं जातील फटीत."

"मीच का?" टाचणी रडवेली झाली. पण तिने बोटं घातली, डोळे न उघडताच! कागद येतच राहिला, हात, दोन हात, चार हात. दुर्बिणीने त्याचं टोक चष्म्याशी नेलं आणि तो वाचायला लागला.

"'वेधशाळेकडून रेडिओ केंद्रास...' अरे, हा टेलिप्रिंटर आहे! वेधशाळेत टाइप केलं की इथलं यंत्र आपोआप तेच छापतं. आत कोणी नाहीये!"

"हात्तिच्या!" टाचणीने डोळे उघडले.

पण दुर्बिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजची तारीख. 'तातडीचा इशारा. दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान ताशी ऐंशी किलोमीटर वेगाचे वादळी वारे. लहान नौकांनी कोणत्याही परिस्थितीत बंदर सोडू नये.'"

बोळातलं घड्याळ दोन वाजून चार मिनिटं दाखवत होतं.

तिघं धावत सुटली. वळणावर एका दारावर लाल दिवा लागला. बाजूच्या जाड काचेतून स्टुडिओ दिसत होता. एक टेबल, एक खुर्ची, एक माइक आणि एक रिकामा पेला. खुर्चीत कोणीही नव्हतं. आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून आवाज आला, "श्रोतेहो, नमस्कार. ऐकू या सागरी हवामान वार्ता."

खोकला आला. तिघं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"शेजारी!" कप्तानने पलीकडचं दार ढकललं.

त्या खोलीत एक मोठं यंत्र होतं आणि त्यावर टेपची दोन चाकं गरगर फिरत होती. भुताचं घर ते हेच! यंत्राशेजारी त्या पाळीचे अधिकारी, ड्युटीसाहेब, पाय पसरून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर जाडजूड नोंदवही होती.

"कोण रे तुम्ही? गाणारे डावीकडे!"

"साहेब, वादळ येतंय!" दुर्बिणीने कागद समोर धरला. "हे वाचा आधी! आईची लाँच अडीचला सुटते!"

साहेबांनी कागद वाचला. मग तो दोन बोटांत धरून परत दिला. "ही बातमी टेलिप्रिंटरच्या खोलीतली आहे. ती खोली बंद आहे. खोली बंद आहे, तोवर बातमी आलेली नाही."

"पण ही काय तुमच्या डोळ्यांसमोर आहे!"

"यंत्रवाला किल्ली खिशात घालून रजेवर गेला. कुलूप तोडायला वरून लेखी परवानगी लागते. अर्ज केलाय मी. अकरा दिवस झाले," साहेब थोडे ओशाळून म्हणाले. "वेळ भरायला ही जुनी टेप लावतो. समुद्र शांतच तर आहे! खिडकीतून बघा जरा."

"इथे खिडकीच नाहीये!" टाचणी किंचाळली.

"मग तुम्ही काहीच लावू नका ना!" कप्तान म्हणाली.

साहेब दचकून ताठ बसले. "काहीच लावू नका? मुली, रेडिओवर शांतता? दहा सेकंद शांतता झाली तर या वहीत कारण लिहावं लागतं. तीन प्रतींत! राजधानीला जातं ते! चोवीस वर्षांत माझ्या पाळीत एकदाही शांतता झालेली नाही."

कप्तानने टेबलावरच्या फोनकडे झेप घेतली. फोनच्या तबकडीला छोटंसं कुलूप! बाहेरून येणारे फोन घेता येत, इथून लावता येत नसत. या केंद्रात कुलपांना काय तोटा?

टक्. कर्ण्यातून पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. आता कागद, मग वाऱ्याचा वेग, मग 'समुद्र शांत', आणि धक्क्यावर आई टोपी घालणार! धावत जायचं तर धक्का अर्ध्या तासावर.

दुर्बिणीला गल्ली आठवली, कात्री चालवत 'नेहमीचंच' म्हणणारा न्हावी आठवला. रेडिओ बोलत असेपर्यंत त्याच्याकडे कोणाचंच लक्ष जाणार नव्हतं. मग तो बोलायचाच थांबला तर?

त्याने पुढे होऊन फिरणाऱ्या चाकावर पंजा ठेवला आणि दाबला.

"समुद्र शांऽऽऽऽ..." काकांचा आवाज जड झाला, खोल गेला, विहिरीत घागर बुडावी तसा बुडत गेला आणि थांबला.

शांतता!

"अरे काय केलंस!" साहेब झेपावले. पण टाचणी त्यांच्याहून चपळ! तिने त्यांच्या मांडीवरून घसरलेली नोंदवही उचलली आणि दारातून धूम ठोकली.

"माझी वही!" साहेब मधल्या मध्ये थबकले. टेपकडे जावं की वहीकडे? वहीच नसेल तर शांततेचं कारण लिहिणार कुठे? ते वहीमागे धावले! गालिच्यावरून त्यांची पावलं वाजत नव्हती, नुसती धाप ऐकू येत होती. कप्तानने दार लावून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. दहा सेकंद. वीस. पन्नास. कर्णा मुका झाला होता.

त्या वेळी गावात काय झालं ते नंतर कळलं. न्हाव्याची कात्री गिऱ्हाइकाच्या कानाशी थांबली. पाववाला बाहेर येऊन रस्त्यात उभा राहिला. वाण्याने वर पाहिलं आणि इथे रेडिओ आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं. दारं उघडली, खिडक्यांतून माना बाहेर आल्या, माणसं एकमेकांकडे बघू लागली. भर दुपारी सारी गल्ली चिडीचूप झाली, आणि सगळ्यांना एकदमच भीती वाटली.

ट्रिंग! टेबलावरचा फोन वाजला. कप्तानने उचलला. "हॅलो, रेडिओ बंद का पडला? मी न्हावी बोलतोय!"

"इशारा आलाय काका, वादळ येतंय! धक्क्यावर कोणाला तरी पळवा!" तिने फोन ठेवला, तसा तो पुन्हा वाजला. पाववाला. पुन्हा वाजला. शाळेचा शिपाई. बोळातला फोनही वाजायला लागला, वरच्या मजल्यावरचाही. मुकं असलेलं ते सगळं केंद्र घणघणायला लागलं!

पुन्हा फोन. "हॅलो, केंद्र का?" एक दमदार आवाज आला. "मी बंदरावरून सारंग बोलतेय. वार्ता अर्धवट का तोडलीत? पंचवीस माणसं भरून उभी आहे मी!"

दुर्बिणीने फोन हिसकावूनच घेतला. एक हात अजून चाकावर होता. "आई! आई, दोर सोडू नकोस! वादळ येतंय! माणसं उतरव, आई, माझं ऐक!"

"तू तिथे काय करतोयस हे घरी आल्यावर विचारते," आई म्हणाली. "उतरवते सगळ्यांना." मग तिची आरोळी फोनमधूनसुद्धा कान फाडून गेली, "चला, उतरा खाली! सगळे!"

दुर्बिणीने चाकावरचा पंजा काढला नाही, पण तो तसाच रडायला लागला. कप्तानही रडली, पण ते तिने आजवर कबूल केलेलं नाही.

चौथ्या मिनिटाला दारावर धडका बसल्या, तशी कप्तानने कडी काढली. केंद्रसंचालिका बाई स्वतः आल्या होत्या. मागे ड्युटीसाहेब, आणि साहेबांच्या हातातून वही सोडवून घेत असलेली टाचणी. बाईंनी कागद वाचला. त्या तडक स्टुडिओत गेल्या, त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि माइकसमोर स्वतःच्या आवाजात इशारा वाचू लागल्या. तो त्यांनी तीनदा वाचला.

पावणेतीनला वादळ आलं. धक्क्यावरच्या टपऱ्यांचे पत्रे उडाले आणि बेटाच्या बाजूचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं. लाँच बांधलेल्या दोरांना हिसके देत होती, पण तिच्यात माणूस एकही नव्हता.

वादळ ओसरल्यावर कुलूप तोडलं. आत गुडघाभर कागद साचला होता! संध्याकाळी केंद्रावर सगळे जमले. आत्या, म्हणजे दुर्बिणीची आई, ओल्या कपड्यांनिशी आली होती. ड्युटीसाहेब कोपऱ्यात मान खाली घालून तीन प्रतींत कारण लिहीत होते.

"पंचवीस माणसं आणि एक सारंग या तीन पोरांमुळे घरी गेली," संचालिका बाई म्हणाल्या. "आम्ही मोठी माणसं कुलपाकडे बघत बसलो होतो. शाबास रे!"

शिलाईकाकूही आल्या होत्या. बाईंनी ती टेप त्यांच्यापुढे धरली. "ही तुमची आहे. घरी न्या."

काकूंनी हात पुढे केला नाही. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की ही जुनी टेप आहे," त्या आत्याला म्हणाल्या. "त्यांचा आवाज जाईल म्हणून मी गप्प बसले. तुझा जीव गेला असता, आणि तरी मी गप्पच बसले होते."

आत्याने त्यांचा हात घट्ट धरला. "वहिनी, आवाज ओळखीचा आहे हे मलाही वाटत होतं. भास असेल म्हणून सोडून दिलं. चूक तुमच्या एकटीची नाही."

"त्यांनी समोर कागद नसताना कधी एक शब्द सांगितला नव्हता," काकू म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून हे खोटं नको. पुसून टाका ती."

बाईंनी टेप यंत्रावर चढवली आणि लाल बटण दाबलं. चाकं फिरली. कर्ण्यातून काहीच आलं नाही. सगळे उभे राहून ती शांतता शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मग काकूंनी दुर्बिणीला जवळ ओढलं. "तीस वर्षं ते रोज घरी येऊन मला विचारायचे, 'आज कोणी ऐकलं असेल का गं?' मी आपलं म्हणायची, 'ऐकलं असेल हो.' मला काय ठाऊक?" त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "तू त्यांचा खोकलासुद्धा वहीत लिहून ठेवलास. एवढ्या गावात तू एकट्याने ऐकलंस, बाळा."

दुर्बिणीने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि काकूंना घरी सोडायला तिघंही त्यांच्याबरोबर निघाली.